पिवळा होता

माझे वडील चव्वेचाळीस वर्षं दिल्लीच्या रस्त्यांवर गाडी चालवत होते आणि त्यांच्या नावावर एकही चलान नव्हतं. हे ते न विचारता सगळ्यांना सांगत. दूधवाल्याला सांगत, बँकेतल्या मुलीला सांगत, आईच्या तेराव्याला आलेल्या माणसांनाही त्यांनी ते सांगितलं होतं. दिल्लीत चलान न झालेला माणूस म्हणजे होळीत कोरडा राहिलेला माणूस, असं मी त्यांना चिडवायचे. ते म्हणायचे, "नियम पाळला की कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही." सदतीस वर्षं सरकारी नोकरीत नाकासमोर चाललेला माणूस दुसरं काय बोलणार?

आई असताना गाडीत तिची अखंड बडबड चाले. "अहो, लाल लागलाय. अहो, डावीकडून स्कूटर येतेय. अहो, झाला हिरवा, चला." क्रिकेटची कॉमेंट्री बरी, तिथे निदान षटक संपल्यावर जाहिरात तरी लागते. एकदा वैतागून मी तिला म्हटलं होतं, "आई, गाडी ते चालवतायत की तू?" ती हसली आणि म्हणाली, "दोघं मिळून चालवतो." बाबांनी गिअर टाकला. आई गेली आणि गाडी एकदम गप्प झाली.

त्यानंतर बाबा फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये एकटे राहिले. मी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, मीही एकटीच. माझ्याकडे या म्हणून मी किती वेळा हात जोडले असतील. "मी माझ्या घरात बरा आहे," एवढंच उत्तर. त्या घराला धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे ती गाडी. बाजार, बँक, वाचनालय, रविवारी मराठी मंडळ, सगळीकडे ते तिच्यातून जात. रिक्षात बसणं म्हणजे त्यांना म्हातारपणाची पावती फाडल्यासारखं वाटे. गाडी गेली तर घर जाणार, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. वय एकोणऐंशी.

दिल्लीची मराठी माणसं संक्रांतीला पानिपतला जातात, रणभूमीवरच्या काला अंब स्मारकाला. आपली अख्खी पिढी जिथे कापली गेली तिथे फुलं वाहायची, भाषणं ऐकायची, डबे उघडायचे आणि परत यायचं. हरलेल्या लढाईला इतक्या नेमाने जाणारी माणसं दुसरीकडे सापडायची नाहीत. मंडळाची बस असते, पण बाबा आपल्याच गाडीने जाणार. आणि गाडीत तिळगुळाचा डबा हवाच. ही आईची पद्धत. ती दोन-दोन लाडू जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदात बांधून पुड्या करायची आणि वाटेत भेटेल त्याच्या हातात एकेक ठेवायची. टोल घेणारा, पेट्रोल भरणारा, मोसंबी विकणारा, कुणीच सुटायचं नाही. आता लाडू मी करते, पुड्या बाबा बांधतात. घडी अगदी आईसारखी घालतात, टोक आत खुपसून.

त्या संक्रांतीला परत येताना साडेचार वाजले होते. सुट्टीमुळे रस्ते रिकामे होते, दिल्लीत असं वर्षातून दोनदा होत असेल. दिल्लीत शिरल्यावर एका मोठ्या चौकाकडे आम्ही येत होतो. समोर एकही गाडी नव्हती. सूर्य खाली उतरला होता, पण सिग्नल स्पष्ट दिसत होता. लाल होता. नुकताच लागलेला नव्हे, चांगला मुरलेला लाल. मला वाटलं, बाबा आता थांबतील. मग वाटलं, आता थांबतील. मग झेब्रा क्रॉसिंगवर एक बाई दिसली, डोक्यावर गाठोडं, आणि तिच्या हाताला धरून मरून रंगाचा स्वेटर घातलेली एक लहान मुलगी.

मी "बाबा!" म्हणून किंचाळले तेव्हा आम्ही चौकात होतो. बाईने मुलीला हिसडा मारून मागे ओढलं. मुलगी माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावर होती. तिचं तोंड उघडं होतं, आवाज ऐकू आला नाही. गाडी चौक ओलांडून थांबली. मी आरशात पाहिलं. बाईने गाठोडं खाली टाकलं होतं आणि ती मुलीच्या पाठीत धपाटे घालत होती. रस्त्याच्या मधोमध एक चप्पल पडली होती. लहान, निळी.

"काय झालं? ओरडलीस का?" बाबांनी विचारलं.

मी उत्तर देणार तेवढ्यात वाहतूक पोलीस खिडकीशी आला. तरुण होता, छातीवर छोटा कॅमेरा लावलेला. "बाबूजी, रेड लाइट जंप की आपने."

"हो ही नहीं सकता," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "लाल होता?"

ते माझ्याकडे असं पाहत होते की जणू वर्गात हुशार मुलीला प्रश्न विचारलाय. चव्वेचाळीस वर्षं, एकही चलान नाही. आई जाऊन दोन वर्षं झालेली. सकाळी काला अंबला त्यांनी तिच्या वाटणीचं फूलही वाहिलं होतं. मला काय झालं ते अजून मला नीट सांगता येत नाही. मी म्हणाले, "पिवळा होता." आणि पोलिसाकडे वळून, "पीला था, सर."

"बघा," बाबा म्हणाले. "पीला था. मेरी बेटी झूठ नहीं बोलती."

पोलीस जरा विचारात पडला. वयस्कर माणूस, सणाचा दिवस. तो बहुतेक दोन शब्द सुनावून सोडूनच देणार होता. पण बाबांचा जीव भांड्यात पडला होता, आणि तसं झालं की त्यांचा हात आपोआप डब्याकडे जाई. त्यांनी एक पुडी उचलली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि पोलिसाच्या मुठीत ती दाबली. आई दाबायची तशीच, वर दुसरा हात ठेवून. "लीजिए. और मीठा बोलिए."

पोलिसाने हात असा मागे घेतला की जणू विस्तव लागला. "ये क्या पकड़ा रहे हो?"

पलीकडे उभा असलेला त्याचा जोडीदार जवळ आला. त्याने पुडी सोडली. आत दोन लाडू. तो खदखदून हसला. "रख ले भाई. दो लड्डू में बिक गया तू."

तिथेच सगळं फिसकटलं. तरुण पोलीस कानापर्यंत लाल झाला. त्याने छातीवरच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवलं. "ये चल रहा है, बाबूजी. कोई देखेगा तो क्या समझेगा? मुड़ा हुआ काग़ज़ हाथ में दे रहे हो. अब जो बोलना है, कोर्ट में बोलना."

साधं चलान फोनवर भरून मोकळं होता येतं. कोर्टाच्या चलानाचं तसं नसतं. लायसन्स पोलिसाकडे जातं, आपल्या हातात एक पावती राहते आणि तिच्यावर लिहिलेल्या तारखेला मॅजिस्ट्रेटसमोर स्वतः उभं राहावं लागतं. पावतीवर गुन्हा लिहिला होता, धोकादायक पद्धतीने गाडी चालवणं. बाबांनी तो वाचला नाही, मीच वाचून दाखवला. पण त्यांच्या डोक्यात तो शिरलाच नाही. ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होते. "लाच? मी? तिळगुळाची लाच?"

त्या पावतीची एक खुबी होती. तारखेपर्यंत तिच्यावर गाडी चालवता येत होती. म्हणजे लायसन्स जप्त आणि गाडी सुरूच. ज्याने हा नियम केला त्याच्या घरी म्हातारे वडील नसणार.

पुढचा महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. रोज सकाळी नऊला फोन करायचे, "बाबा, आज कुठे जाणार?" आणि ते परत येईपर्यंत ऑफिसात फायलीतलं एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही. ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की फोन हातात घ्यायचे. मी देव पाण्यात घालून बसले होते, आणि मागत काय होते तर गाडी चोरीला जाऊ दे. दिल्लीत इतक्या गाड्या चोरीला जातात, आमचीच मेली कुणी नेईना. एकदा मी चोरून बॅटरीची तार काढली. बाबांनी मेकॅनिकला बोलावून तासाभरात ती लावून घेतली आणि मला कौतुकाने फोन केला, "किती प्रामाणिक माणूस, म्हणाला काही बिघडलेलंच नाही."

खरं सांगून टाकायचं असं ठरवून मी दोन वेळा मेट्रोने फरीदाबादला गेले. पहिल्यांदा ते आईच्या फोटोसमोर बसले होते, तिच्याशीच बोलत होते, म्हणून परत फिरले. दुसऱ्यांदा ते कोर्टासाठी शर्टाला इस्त्री करत होते. टेबलावर हिंदीत लिहिलेलं निवेदन होतं, एकेक अक्षर बोराएवढं. त्यांनी मला ते तोंडपाठ म्हणून दाखवलं, कागदाकडे न पाहता. त्यात एक वाक्य होतं, "मेरी सुपुत्री, जो उस समय मेरे साथ थी और जिसने अपनी आँखों से बत्ती देखी." ते वाक्य म्हणताना त्यांचा आवाज जरा चढला. मी चहा ठेवायला आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. चहा ओतताना त्यांनी तो कपाच्या बाहेर सांडला. मी पुसून घेतला. अलीकडे असा सांडायचाच.

तारखेला कोर्टात मला घेऊन तेच गेले. गाडीतून. रस्ताभर ते एका बसच्या मागे राहिले. "बसच्या मागे राहावं, बस म्हणजे शिस्त," असं त्यांचं नवीन तत्त्वज्ञान होतं. एका सिग्नलला आमची गाडी सगळ्यात पुढे आली, तर हिरवा होऊन मागून हॉर्नचा कल्लोळ झाला तरी ते हलेनात. मी त्याला सावधपणा समजले. चला, थोडी तरी भीती बसली, असं मनात म्हटलं.

कोर्टाच्या खोलीबाहेर भिंतीवर नावांची यादी चिकटवली होती आणि दारात ही गर्दी. आत एक तरुण मॅजिस्ट्रेट बसल्या होत्या, तिशीच्या आसपास असतील. नाव पुकारलं की माणूस पुढे जायचा. "जुर्म कबूल है?" "जी." दंड, पावती, पुढचा. सुलभ शौचालयाच्या रांगेलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. बिनाहेल्मेटवाले, चुकीच्या बाजूने येणारे, फोनवर बोलणारे, सगळे कबूल. गाडी लावताना मी बाबांच्या पायाच पडले होते. "कबूल करून टाका ना, बाबा. दोन मिनिटांचं काम आहे."

"जे केलं नाही ते?" ते म्हणाले होते. "खोट्याच्या कपाळी गोटा असतो. आणि माझ्याकडे साक्षीदार आहे."

त्यांचं नाव पुकारलं. ते पुढे गेले, आईने विणलेला राखाडी स्वेटर, हातात फाइल.

"जुर्म कबूल है?"

"नहीं."

मागून कुणीतरी म्हणालं, "अंकल, भर दो यार, सबको घर जाना है." मॅजिस्ट्रेटनी मान वर केली. "अंकल जी, फिर केस चलेगा. दोबारा आना पड़ेगा, पुलिसवाला भी आएगा. कोई गवाह है?"

"मेरी बेटी है."

पुढची तारीख दीड महिन्यांनंतरची मिळाली आणि पावतीवर तोपर्यंतची मुदत वाढवून मिळाली. बाबा खूश. मी पायऱ्यांवर बसले. इकडे आड, तिकडे विहीर. खरं बोलले तर भर कोर्टात बापाला खोटं पाडणार, आणि त्यांचं घर सुटणार. खोटं बोलले तर उद्या दुसऱ्या कुठल्या चौकात दुसरी मुलगी असणार, आणि तिला मागे ओढायला तिची आई जवळ असेलच असं नाही. त्या दीड महिन्यात मला कितीदा तरी ती निळी चप्पल आठवली. ती त्या मायलेकींनी उचलली असेल का, की गाड्यांखाली गेली असेल, याचाच मी विचार करत राहायचे. सगळ्यात भयंकर काय, तर बाबांना ती मुलगी माहीतच नव्हती. ते रोज शांत झोपत होते आणि ते सुख त्यांना मीच दिलं होतं.

दुसऱ्या तारखेला तो तरुण पोलीस आला. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही आणलं होतं त्याने. पण कॅमेरा त्याच्या छातीवर आणि तो आमच्याकडे वळलेला, त्यामुळे चौक त्यात आलाच नव्हता. दिसत होता फक्त बाबांचा हात, आणि पुडी.

"ये क्या था, अंकल जी?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

बाबा ताठ उभे राहिले. "तिलगुल, मैडम. तिल और गुड़. हमारे में संक्रांत को सबको देते हैं. मेरी पत्नी देती थी."

मॅजिस्ट्रेट हसल्या. "रिश्वत की बात कोई नहीं लिख रहा. ये बात यहीं ख़त्म." पोलीसही जरा ओशाळला आणि म्हणाला, "मैडम, उस दिन ग़ुस्सा आ गया था. लड्डू तो अच्छे थे."

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. अडीच महिने छातीवर असलेला दगड उतरला होता. चेहरा एकदम तरुण दिसला. माझ्या मनात आलं, देवा, एवढ्यावरच हे संपव. लाचेचा डाग पुसला गेला, आता घरी जाऊ दे.

"अब बत्ती," मॅजिस्ट्रेट म्हणाल्या.

पोलीस सांगू लागला. "मैडम, लाल थी, काफ़ी देर से लाल थी. गाड़ी सीधी निकल आई. ज़ेब्रा पर एक औरत थी, साथ में छोटी बच्ची. औरत ने बच्ची को खींच लिया, नहीं तो सीधी नीचे आती."

बाबांची मान सावकाश माझ्याकडे वळली. खोलीत पन्नास माणसं होती. त्यांनी मला मराठीत विचारलं, घरातल्या आवाजात, "मुलगी होती?"

मी साक्षीदाराच्या जागी उभी नव्हते. मला कुणी शपथही दिली नव्हती. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या हातात बाबांची पाण्याची बाटली होती. माझ्या जिभेवर अजूनही खोटं तयार होतं. इतक्या दिवसांत घोटून घोटून ते गुळगुळीत झालं होतं.

"होती, बाबा," मी म्हणाले. "पाच-सहा वर्षांची. तिची एक चप्पल रस्त्यात राहिली."

"मैडम, हिंदी में बोलिए," मॅजिस्ट्रेट म्हणाल्या. "आप गाड़ी में थीं? बत्ती कौन सी थी?"

"लाल थी."

मला वाटलं होतं ते रागावतील. फाइल आपटतील, निदान कपाळाला हात लावतील. त्यांनी फक्त फाइलचा बंद दोनदा नीट बांधला. मग पुढे वळून म्हणाले, "मैडम, जुर्म कबूल है."

दंड झाला आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित झालं. खालच्या टेबलावरचा कारकून पावती देताना समजुतीने म्हणाला, "तीन महीने बाद वापस मिल जाएगा, अंकल." बाबा म्हणाले, "वापस नहीं चाहिए." कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

बाहेर आलो. सवयीने ते गाडीच्या उजव्या बाजूला गेले, दाराला हात लावला आणि थांबले. मग किल्ली माझ्यापुढे धरली. गाडीला वळसा घालून ते आईच्या जागेवर बसले. ती सीट अजून तिच्या मापाने पुढे ओढलेली होती. त्यांचे गुडघे अवघडले, पण त्यांनी सीट मागे सरकवली नाही.

मी बरंच काही बोलणार होते. क्षमा मागणार होते. मी किल्ली फिरवली. गेटमधून बाहेर पडून आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. पहिल्याच सिग्नलला गाडी अगदी पुढे येऊन थांबली.

"कोणता आहे?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, हा टोमणा आहे. मला तो मिळायलाच हवा होता. "काय, बाबा?"

"दिवा. कोणता लागलाय?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते सरळ समोर बघत होते. दिवा आमच्या नाकासमोर लटकत होता, ताटलीएवढा.

"लाल," मी म्हणाले.

"हं. तुझी आई सांगायची. शेवटची पाच-सहा वर्षं तर सगळंच तिने सांगितलं. तू हसायचीस तिला. ती म्हणायची, हसू दे, पोरीला कशाला कळायला हवं." त्यांनी गुडघ्यावरची फाइल सरळ केली. "ती गेल्यावर पुढची गाडी थांबली की मी थांबायचो. बस असली की बरं पडायचं. त्या दिवशी पुढे कुणी नव्हतं."

"मग कोर्टात कशाला गेलात, बाबा?" मी विचारलं. "तुम्हाला माहीत होतं ना, दिसला नाही ते?"

"मला दिसला नव्हता," ते म्हणाले. "म्हणून तर तुला विचारलं. तू पिवळा म्हणालीस."

बस, एवढंच. चिडून नाही, रडून नाही. ऑफिसातल्या कारकुनाने नोंद वाचून दाखवावी तसं. आईच्या जागेवर त्या दिवशी मी बसले होते. त्यांनी आईला विचारायचं ते मला विचारलं होतं, आणि मी त्यांना चुकीचा रंग सांगितला होता. त्या एका शब्दावर ते अडीच महिने लढले, इस्त्रीचा शर्ट घालून, बोराएवढ्या अक्षरांत लिहून. त्यांच्या जगात मी खोटं बोलणं शक्यच नव्हतं. मला त्यांना वाचवायचं होतं, आणि मी त्यांना भर कोर्टात उघडं पाडलं. या लाजेला कुठलीही तारीख मिळत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मागून हॉर्न वाजू लागले. मी स्टिअरिंग धरून बसून होते.

"हिरवा झाला असेल," बाबा म्हणाले.

झाला होता. मी गिअर टाकला. फरीदाबादपर्यंत किती सिग्नल लागतात ते मी आधी कधी मोजलं नव्हतं. पुढचा आला तेव्हा मी दुरूनच वेग कमी केला आणि त्यांनी विचारायच्या आधी म्हणाले, "बाबा, लाल लागलाय."

त्यांचा उजवा पाय खालच्या रबरी चटईवर दाबला गेला आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.